चुनखडीवरचे हिमखळगे : माणसाने हात घालावा का?

खडकफूल
आल्प्समध्ये झाडांची हद्द संपली की वर काही खळगे असे लागतात, की भोवतालचा उतार हिरवा झाला तरी त्यांच्यातला बर्फ जुलै येईपर्यंत हलत नाही. त्यांना इथे हिमखळगे म्हणते. बर्फ गेला की पुढचा पडेपर्यंत वनस्पतींच्या हाती एक ते तीन महिने. तेवढ्यात पालवी, फूल, बी सगळं उरकायचं.

खडक चुनखडीचा असेल तर वस्तीही वेगळी. सॅलिक्स रेटुसा आणि सॅलिक्स रेटिक्युलाटा हे जमिनीला चिकटून सरपटणारे विलो, निळसर फुलांची आराबिस कॅरुलिया, पांढरी रॅननक्युलस आल्पेस्ट्रिस. ग्रॅनाइटच्या आम्लधर्मी खळग्यात गेलात तर तिथे सॅलिक्स हर्बेसिया आणि शेवाळांचं राज्य.

आता बर्फच लवकर जातोय. स्वित्झर्लंडमधल्या हवामान केंद्रांच्या १९७० ते २०१५ च्या नोंदींत वसंतातलं वितळणं दर दशकाला साधारण सहा दिवसांनी अलीकडे आलेलं दिसतं. मोसम लांबला की शेजारची उंच गवतं आत शिरतात आणि या बुटक्यांवर सावली धरतात. माझं म्हणणं, निवडक खळग्यांत वाऱ्याच्या बाजूला हिमकुंपणं (वाऱ्याबरोबर उडणारा बर्फ अडवणारी कुंपणं) घालून बर्फ जास्त साठवावा आणि घुसलेलं गवत काढावं. विरोध येऊ द्या.

दगडोबा
येतोच. कुंपण घालून राखलेला खळगा म्हणजे डोंगरावर ठेवलेली कुंडी. दरवर्षी कोण जाणार तिथे?

शिवाय या जागा कधीच स्थिर नव्हत्या. वितळलेलं पाणी चुना धुऊन नेतं, वर कुजका पालापाचोळा साचतो, आणि खाली चुनखडी असूनही वरचा थर आम्लधर्मी होत जातो. मग तिथे आम्लप्रिय वनस्पती येतात. हा बदल तुम्हाला चालतो, गवताचा का चालत नाही? डोंगरउतारावर दहा पावलांत तापमान बदलतं. एक खळगा गेला तर झाडं शेजारच्या थंड खळग्यात जातील.

खडकफूल
माती आम्ल व्हायला शतकं लागतात, वितळण्याची तारीख माझ्या हयातीत सरकली. दोन्ही एका मापाने कसे मोजता?

आणि "शेजारचा खळगा" हे ग्रॅनाइटवर एक वेळ पटेल. चुनखडीत पाणी फटींतून सरळ खाली जातं. बर्फ पाझरतोय तोवर ओल, तो संपला की वरची माती झपाट्याने सुकते. म्हणून नुसता गारवा पुरत नाही, उशिरापर्यंत टिकणारा बर्फ, थोडी बारीक माती आणि चुना हे तिन्ही एका जागी लागतं. वरच्या अंगाला बहुतेकदा नुसता उघडा कातळ किंवा सरकती दगडखच. विलोचं बी वाऱ्यावर दूर जातं खरं, पण फार थोडा काळ जिवंत राहतं. त्या अवधीत ओली जागा सापडली नाही तर संपलं.

निवांत
हिमकुंपणाचा खर्च कशाला, स्कीच्या धावपट्ट्या आहेत की! कृत्रिम बर्फ दाबून बसवला की वितळायला दोन-तीन आठवडे उशीर होतो. फुकटात हिमखळगा. (निम्मं गमतीने, निम्मं खरंच विचारतोय.)

दगडोबा
निम्म्या गमतीला पूर्ण नकार. पट्टी करताना यंत्राने जमीन सपाट करतात. मातीचा पातळ थर एकदा खरवडला की त्या उंचीवर परत यायला पिढ्या जातात. उशिरा वितळणं मिळालं, पण खळगाच उरला नाही.

छिद्रान्वेषी
तुम्ही दोघं कुंपणावर भांडताय, मला कागदाची चिंता जास्त आहे. युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशात, म्हणजे नैसर्गिक वसतिस्थानं राखण्यासाठीच्या कायद्याच्या यादीत, चुनखडीवरच्या हिमखळग्यांना स्वतंत्र खाना नाही. ते ६१७० या क्रमांकात, उंचावरच्या चुनखडी गवताळ प्रदेशांसोबत येतात. म्हणजे खळग्यात गवत घुसून विलो संपले तरी क्षेत्रफळाचा आकडा जसाच्या तसा! अधिवास शाबूत, अहवाल छान. आधी हे खाते वेगळं करा, मग हिमकुंपणाचं बघू.

दगडोबा
हे मान्य. मोजणी वेगळी हवीच, वितळण्याच्या तारखेसकट. पण वेगळं मोजलं म्हणून लगेच हात घालायचा असं नाही. गवत उपटताना त्याच मुळांत गुंतलेल्या विलोच्या फांद्या निघतील, त्यांचं काय?

खडकफूल
उपटू नये, वरच्यावर कापावं, हे सुधारून घेते. कुंपणाची सूचना मात्र मागे घेत नाही. पाच-सहा खळग्यांत बर्फ साठवा, तेवढेच शेजारचे तसेच सोडा, आणि आराबिस कुठे टिकते ते बघा. तुमचा "हात घालू नका" हा सल्लाही त्यात तपासला जाईलच.

दगडोबा
तपासा. पण ज्या वर्षी मुळात बर्फच कमी पडेल, त्या वर्षी कुंपण काय अडवणार?