शब्दचर्चा: काल्याख – जोगीण की म्हातारी?

एका जुन्या आयरिश कवितेचा मराठी अनुवाद करायला घेतलाय आणि शीर्षकातच गाडी अडलीय. कविता साधारण नवव्या शतकातली, बेआरा द्वीपकल्पातल्या 'काल्याख'चा विलाप. कोशात पाहिलं तर म्हातारी, थेरडी, चेटकीण. इंग्रजी अनुवादही बहुधा 'हॅग'च म्हणतात. पण हस्तलिखितात कवितेच्या आधी चार ओळींचं गद्य आहे. या बाईला सात वेळा तारुण्य आलं, एकेक नवरा म्हातारा होऊन मेला, तिच्या नातवंडा-पणतवंडांच्या जमाती झाल्या. मग कुमीन नावाच्या धर्मगुरूने आशीर्वाद देऊन डोक्यावर घातलेलं वस्त्र तिनं शंभर वर्षं वागवलं. म्हातारपण आलं ते त्यानंतर. म्हणजे डोक्यावर वस्त्र घेऊन बाई आधी जोगीण (ख्रिस्ती मठातली नन) झाली, म्हातारी मागाहून! मराठीत काय लिहू?

प्रतिसाद

ताई, शंका रास्त आहे. 'काल्याख'चा मूळ अर्थ म्हातारी नाहीच. लॅटिनमध्ये 'पॅलियम' म्हणजे अंगावर घ्यायचं वस्त्र. ख्रिस्ती धर्माबरोबर हा शब्द आयर्लंडला गेला, पण तिथल्या लोकांच्या तोंडात तेव्हा 'प' नव्हता. त्यांनी 'प'चा 'क' केला. ईस्टरचा 'पास्खा' झाला 'काश्क', जांभळा 'पुर्पुरा' झाला 'कोर्कुर', आणि 'पॅलियम'चं झालं 'काल्ये', म्हणजे डोक्यावरचं वस्त्र. त्याला 'वाला-वाली'सारखा प्रत्यय लागून काल्याख: पदरवाली. दीक्षा घेतलेली बाई.

नुसत्या म्हातारीला जुन्या आयरिशमध्ये 'सेन'पासून केलेला वेगळा शब्द होता. हा 'सेन' आपल्या 'सनातन'मधल्या 'सन'चा सख्खा भाऊ. मठात म्हाताऱ्या विधवा बऱ्याच असायच्या, डोकं झाकायच्याही म्हाताऱ्याच, त्यामुळे अर्थ हळूहळू सरकला असावा. पुढे तर घुबड म्हणजे 'रात्रीची काल्याख'. स्कॉटलंडात शेतातल्या शेवटच्या पेंढीलाही काल्याख म्हणत. ज्याची कापणी आधी उरकली तो ती मागे राहिलेल्या शेजाऱ्याकडे धाडायचा, आणि सगळ्यांत शेवटी ज्याच्या गळ्यात पडायची त्यानं म्हातारीला हिवाळाभर पोसायचं! (आपल्याकडे रुईच्या उडणाऱ्या बीला पोरं 'म्हातारी' म्हणतात, ते आठवलं.)

प्रतिसाद

जुना अर्थ गावांच्या नावांत टिकलाय. स्कॉटलंडच्या पश्चिमेला बेन्बेक्युला बेटावर 'बाले नान काल्याख' नावाचं गाव आहे. आजच्या कोशानुसार ते 'म्हाताऱ्यांची वाडी' झालं असतं, पण इंग्रजीत त्याचं नाव 'नन्टन', कारण तिथं जोगिणी राहत. १७४६ मध्ये लढाई हरून पळून चाललेल्या स्टुअर्ट घराण्यातल्या राजपुत्र चार्ल्सला दासीचा वेष द्यायचं ठरलं तेव्हा कपड्यांची तयारी याच गावात झाली. जोगिणींच्या वाडीत राजपुत्राचा झगा!

स्कॉटलंडच्याच आयोना बेटावर १२०० च्या सुमारास तिथल्या सोमरलेड या सत्ताधीशाच्या मुलानं, रॅनल्डनं, मठ बांधला आणि आपल्या बहिणीला, बेथॉकला, तिथली प्रमुख केलं. त्या जोगिणी काळा वेष घालत, म्हणून गेलिकमध्ये (स्कॉटलंडच्या, आयरिशच्या बहिणीसारख्या भाषेत) मठाचं नाव 'काळं देऊळ' आणि जोगीण म्हणजे 'काल्याख घुव', काळी काल्याख. अर्थ घसरल्यावर जोगिणीला वेगळं काढायला 'काळी' जोडावं लागलं असणार. १५४३ मध्ये वारलेल्या प्रमुख ॲना मॅक्लीनच्या थडग्याची शिळा तिथं आहे. अर्धीच उरलीय, पण मठाच्या वेषातली बाई आणि दोन्ही कुशींना दोन छोटे कुत्रे स्पष्ट दिसतात. चेटकीण वगैरे काही नाही, कुत्री पाळणारी घरंदाज बाई.

सगळ्यांत गंमत उत्तर आयर्लंडच्या स्लीव्ह गुलियन डोंगराची. माथ्यावर काल्याख बेराचं, म्हणजे या बेआराच्या काल्याखचंच, तळं. त्यात उतरलेला वीर फिन पांढऱ्या केसांचा म्हातारा होऊन बाहेर आला अशी कथा. आणि पायथ्याशी किलीव्ही, संत मोनिनानं वसवलेला जोगिणींचा मठ. एकाच शब्दाचे दोन अर्थ, एक डोंगरावर, एक खाली.

प्रतिसाद

मग 'थेरडी' लिहा की! थेरी म्हणजे बौद्ध भिक्षुणी. आपल्याकडेही जोगिणीची थेरडीच झाली!

प्रतिसाद

थांबा, उलटी गंगा आहे ती. 'स्थविर' म्हणजे मुळात वयस्क. त्याचा 'थेर', आणि वडीलधारी म्हणून मान दिलेली भिक्षुणी 'थेरी'. मराठीतला थेरडा-थेरडी वयस्क या अर्थावरूनच आला, भिक्षुणीवरून नव्हे. 'म्हातारी'चंही तसंच. 'महत्तर' म्हणजे ज्येष्ठ, त्याचा म्हातारा. आणि जैन संघात ज्येष्ठ साध्वीला 'महत्तरा' म्हणतात. आठव्या शतकातले हरिभद्रसूरी स्वतःला 'याकिनी महत्तरेचा पुत्र' म्हणवून घेत. थोडक्यात, आपल्याकडे आधी वय, मग दीक्षा. आयरिशमध्ये आधी दीक्षा, मग वय. घसरणीचंच उदाहरण हवं तर यक्षिणीची जखीण घ्या.

मूळ लेखिका

महत्तरेचं अजिबात ठाऊक नव्हतं. म्हणजे 'म्हातारी'च्या पोटात साध्वी निदान नातेवाईक म्हणून तरी आहे. 'थेरी'मुळे थेरीगाथेतली (बौद्ध भिक्षुणींच्या कवितांच्या संग्रहातली) आंबपाली आठवली. एके काळची रूपगर्विता गणिका, भिक्षुणी झाल्यावर केस, डोळे, दात, दंड असं एकेक घेऊन तेव्हा काय होतं नि आता काय झालंय ते सांगते. आमची काल्याख हेच करते. हे हाडकुळे हात कधी राजांच्या गळ्यात पडायचे. राजांबरोबर मधाची दारू नि वाईन प्यायचे, आता सुरकुतलेल्या बायांमध्ये बसून दह्याचं पाणी पिते. रोज नवी कुडती घालणारी मी, आज जुनेरंही नाही. दोघींची एकमेकींना खबरही नव्हती.

'धर्मभगिनी' फार आजचा वाटतो, आणि 'जोगीण' म्हटलं की आपल्याकडे परडी नि भंडारा डोळ्यांपुढे येतो. तूर्त 'बेआराच्या पदरवाल्या म्हातारीचा विलाप' असं लिहून ठेवलंय.

प्रतिसाद

लांबलं, पण वाईट नाही. फक्त जपून, आयरिशमध्ये 'काल्याख घुव' म्हणजे पाणकावळासुद्धा. कविता सगळी भरती-ओहोटीची आहे. किनाऱ्यावर कोण बसलंय ते आधी नीट बघा.