फॅट कमी लागतेय? आधी शेवटच्या धारा बघा

म्हशीच्या दुधाची फॅट (स्निग्धांश) घसरली की सरकी पेंड वाढवावी, असा सल्ला या चर्चेत कुणीतरी दिलाय. चारा निव्वळ हिरवा असेल तर आधी कडबा वाढवायला हवा, पेंड नंतर. पण त्याहीआधी धार पूर्ण निघते का ते तपासा, हा मुद्दा इथे कुणी मांडलेला नाही. म्हशीच्या कासेत सडांच्या वरच्या पोकळीत जेमतेम ५ टक्के दूध साठतं, बाकी सगळं वर ग्रंथींमध्ये अडकलेलं असतं आणि पान्हा आल्याशिवाय उतरत नाही. गाय पटकन पान्हा सोडते, म्हशीला दोन-तीन मिनिटं, कधी जास्तही लागतात. म्हणून कास कोमट पाण्याने धुऊन, चोळून, सड टणक झाल्यावरच सुरुवात करा आणि मग ५ ते ७ मिनिटांत धार संपवा. माणूस बदलला, आरडाओरड झाली, की ती पान्हा चोरते.

स्निग्धांश सगळ्यात जास्त असतो तो शेवटच्या धारांत. त्या पारडासाठी सोडल्या तर फॅट पारडाच्या पोटात जाते आणि दूध संकलन केंद्रावर पातळ दूध पोचतं! त्याला एक सड सुरुवातीलाच द्या. ओळखायची खूण अशी: फॅट घसरली पण एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) जागेवर असेल तर बहुधा धार अर्धवट निघतेय किंवा सकाळ-संध्याकाळचं अंतर विषम आहे (रात्रीचं अंतर मोठं असेल तर सकाळी दूध जास्त, फॅट कमी). दोन्ही घसरले तर पाणी कुठे मिसळतंय ते बघा. आणि नमुना घेण्याआधी कॅन तळापासून ढवळलाच पाहिजे.