व्हेंडर सगळीकडे 'येस' लिहून देतात, खरं कसं तपासायचं?

चाकण_आयटी: नमस्कार मंडळी, मी एका मोठ्या ऑटो पार्ट्स कंपनीच्या आयटीत आहे, ऑडिट तोंडावर आलंय आणि व्हेंडर रिस्कचं, म्हणजे माल-सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांमुळे आपल्या सिस्टिमला असलेला धोका तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. आत्ता आम्ही प्रत्येक व्हेंडरला प्रश्नांची एक्सेल पाठवतो, ते सगळीकडे 'येस' टाकून परत पाठवतात, एकाने तर दुसऱ्याच कस्टमरचं नाव असलेली शीट जशीच्या तशी पाठवली. परवा व्हीपीएनची, म्हणजे बाहेरून आमच्या नेटवर्कमध्ये कोण कोण येऊ शकतं त्याची लिस्ट काढली तर मशीन मेंटेनन्सवाल्यांचा आयडी कायम चालूच, पासवर्ड एकच, तो सगळे इंजिनियर वापरतात आणि त्यातले काही तर नोकरी सोडून गेलेत. मॅनेजमेंट म्हणतंय व्हेंडरकडून सुरक्षेचं आयएसओ सर्टिफिकेट मागवून घ्या, झालं. मला नाही पटत. सुरुवात कुठून करू?

बँकवाला_सातारा: जुलै २०२४ आठवा. सी-एज नावाची कंपनी छोट्या बँकांना सिस्टिम पुरवते, तिच्यावर रॅन्समवेअर (डेटा लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं म्हणून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिचं कनेक्शन तोडलं आणि देशभरातल्या जवळपास ३०० सहकारी आणि ग्रामीण बँकांचं यूपीआय, एटीएम अडकलं. नंतर एका सिक्युरिटी कंपनीच्या रिपोर्टमध्ये आलं की सुरुवात सी-एजसोबत काम करणाऱ्या तिसऱ्याच कंपनीच्या नीट कॉन्फिगर न केलेल्या जेनकिन्स (सॉफ्टवेअर बनवताना वापरायचं एक टूल) सर्व्हरवरून झाली. म्हणजे व्हेंडरचा व्हेंडर! त्या बँकांनी कितीही एक्सेल भरून घेतल्या असत्या तरी हे कळलं नसतं. आरबीआयचे आयटी आउटसोर्सिंगचे नियम वाच, बँकेसाठी आहेत पण तुलाही कामाला येतील, काम बाहेर दिलं तरी जबाबदारी बँकेचीच असं त्यात स्पष्ट आहे.

नेटवर्क_दादा: एक्सेल बाजूला ठेव आणि ती व्हीपीएनची लिस्ट आधी हातात घे. अमेरिकेत २०१३ मध्ये टार्गेट या दुकानांच्या साखळीतून ग्राहकांच्या ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली, चोर आत शिरले ते फ्रीज-एसीचं काम करणाऱ्या कंत्राटदाराचं लॉगिन चोरून. त्याला फक्त बिलिंगसारख्या कामापुरता ॲक्सेस होता, तरी पुढे दुकानांतल्या बिलिंग मशीनपर्यंत पोचता आलं कारण मधे धड अडवणारं काही नव्हतं. म्हणून प्रत्येक इंजिनियरला वेगळा आयडी, एमएफए (पासवर्डशिवाय ओटीपीसारखा दुसरा पुरावा), आणि ॲक्सेस काम निघालं की चालू, संपलं की बंद. आत आल्यावर त्याला फक्त त्याचीच मशीन दिसली पाहिजे, ईआरपी (कंपनीचे हिशोब-ऑर्डरचं मुख्य सॉफ्टवेअर) बिलकुल नाही.
आणि सॉफ्टवेअर अपडेट विसरू नको. २०१७ चा नॉटपेट्या व्हायरस युक्रेनमधल्या एका टॅक्स सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला, मर्स्क ही मोठी जहाज कंपनी बंद पडली आणि इकडे उरणजवळच्या आपल्या जेएनपीटी बंदरात त्यांच्याच ग्रुपच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. तो टॅक्स कुठला, उरण कुठलं.

भोसरी_वर्कशॉप: दादा, आमची बाजूपण ऐका. आम्ही छोटे व्हेंडर, वेगळा आयटीवाला ठेवणं परवडत नाही, अकाउंटवाल्या मॅडमच ते फॉर्म भरतात. 'येस' नाही लिहिलं तर पीओ (खरेदीची ऑर्डर) अडकतो, मग काय करणार? खरंच सुरक्षा हवी असेल तर शंभर प्रश्नांऐवजी पाच गोष्टी सांगा आणि एक माणूस अर्धा दिवस पाठवा, आम्ही मनापासून करू. आणि 'तुमच्याकडे काही झालं तर आम्हाला लगेच फोन करा, त्यासाठी ऑर्डर काढून घेणार नाही', एवढं लेखी द्या. नाहीतर सगळे भीतीने लपवतात.

चाकण_आयटी: @भोसरी_वर्कशॉप हे लेखी द्यायचं लक्षातच आलं नव्हतं, लीगलशी बोलतो. @नेटवर्क_दादा सोमवारपासून आयडी बंद करायला घेतो, पण रात्री दोनला लाइन बंद पडली तर ॲक्सेस कोणी उघडायचा? शिफ्ट इनचार्जला हक्क दिले तर चालेल का?

नेटवर्क_दादा: चालेल, पण तासांची मर्यादा घाल आणि सेशन रेकॉर्ड कर.