मदत हवी आहे: अमिनो ॲसिडचं सीरम लावूनही चेहरा ओढल्यासारखा होतोय

तापीकाठ: तीन आठवडे झाले, रोज रात्री लावतेय. गाल तरी ताणल्यासारखे, हसलं की ओठांच्या कडेला पांढऱ्या रेषा उमटतात. मेडिकलवाला म्हणाला, ‘ॲसिड आहे ताई, आधी सोलणार, मग उजळणार.’ खरं आहे का? रविवारी मामेबहिणीची हळद आहे, लवकर सांगा.

शेवभाजी: वय? चेहरा कशाने धुता? गाव कोणतं?

भरीतपुरी: सीरमबिरम सोडा. दुधाची साय अन् चिमूटभर हळद. आमच्या आजीचे गाल सत्तरीतही लोण्यासारखे होते.

रसायनवाले सर: मेडिकलवाल्याने नुसत्या ॲसिड शब्दावरून सांगितलंय. त्वचा सोलतं ते ग्लायकोलिक ॲसिड वगैरे. अमिनो ॲसिडं म्हणजे प्रथिनांचे घटक, ती सोलत नाहीत. कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात फिलॅग्रिन नावाचं प्रथिन तुटून ती तयार होतात. पाणी धरून ठेवणारं जे नैसर्गिक मिश्रण तिथे असतं, त्यात साधारण ४० टक्के हीच. वरून लावली की ओलावा टिकायला मदत होते. गोरं होण्याशी त्याचा संबंध नाही.

शेवभाजी: अन् कातडी घट्ट ठेवणारं प्रथिन, कोलाजेन, वाढतं म्हणतात ते?

रसायनवाले सर: कोलाजेनमधलं जवळपास दर तिसरं अमिनो ॲसिड ग्लायसीन असतं, हे खरं. पण गालावर चोळलेलं ग्लायसीन सरळ आत जाऊन कोलाजेन होतं, असं नाही.

सातपुडा७१: माझे केस फार गळताहेत. अर्जिनीन या अमिनो ॲसिडचा शाम्पू घेऊ का?

तापीकाठ: वय ३४, रावेर. चेहरा अंगाच्याच साबणाने धुते, त्यात काय सांगायचं वाटलं. पाणी बोअरचं, बादलीला पांढरा थर धरतो. दुपारी बागेवर डबा घेऊन जाते, तेव्हा झळा लागतात.

सातपुडा७१: त्याच पाण्याने आमच्या ठिबकच्या नळ्या चोंदतात भो. ॲसिड सोडून साफ कराव्या लागतात.

भरीतपुरी: मग तिने ते ॲसिड तोंडाला लावायचं का? साय लावा म्हणतेय ना मी!

रसायनवाले सर: ताई, हे आधी सांगायला हवं होतं. साबणाचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, ९-१०, त्वचेचा ५ च्या आसपास. तुमच्या बोअरसारख्या जड, क्षारांच्या पाण्यात साबणाचा साका होतो, तो गालावर बसतो. शिवाय अमिनो ॲसिडं पाण्यात विरघळतात, सकाळच्या साबणाने धुऊन जातात. रात्रीची मेहनत मोरीत. आजपासून साबण बंद. फेसवॉशच्या मागे सोडियम कोकोईल ग्लायसिनेट लिहिलंय का बघा. तेही अमिनो ॲसिडपासूनच बनतं आणि साबणापेक्षा सौम्य असतं. सीरम ओलसर चेहऱ्यावर, वरून साधं क्रीम.

शेवभाजी: जळजळ किंवा लाल चट्टे असतील तर थेट त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

तापीकाठ: जळजळ नाही. ओलसर म्हणजे पुसायचंच नाही का?

रसायनवाले सर: मऊ सुती कपड्याने टिपा, घासू नका. हात लावल्यावर गार लागलं पाहिजे, एवढं ओलं. मग लगेच लावा.