मदत हवी आहे : पिल्ले सांभाळणाऱ्या बापांची जवळपासची उदाहरणे

नमस्कार. घोडबंदर रस्त्यालगतच्या आमच्या सोसायटीतील मुलांसमोर, म्हणजे साधारण आठ ते बारा वर्षांच्या वीसेक मुलांसमोर, ‘प्राणिजगतातील बाप’ या विषयावर मला अर्धा तास बोलायचे आहे. मागच्या वेळी मी केवळ आयांविषयी बोललो, तेव्हा एका मुलीने ‘मग बाबा काय करतात?’ असे विचारले आणि मला नीट उत्तर देता आले नाही.

समुद्रघोड्याचा नर अंडी स्वतःच्या पोटावरील पिशवीत वाढवतो, एम्परर पेंग्विनचा नर अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात सुमारे दोन महिने उपाशीपोटी अंडे पायांवर धरून उभा राहतो, हे आता वाचून झाले आहे. पण ठाण्याच्या मुलांना पेंग्विन फार दूरचा वाटतो. त्यापेक्षा धनेश अधिक जवळचा, कारण मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि आत राहिलेल्या फटीतून नर तिला व पुढे पिल्लांनाही उंबराची, वडाची फळे भरवत राहतो. कमळपक्ष्यात तर अंडी उबवण्यापासून पिल्ले सांभाळण्यापर्यंत सारे नरच करतो.

माझे प्रश्न दोन आहेत. येऊरच्या बाजूला धनेशाची ढोली पिल्लांना त्रास न देता, दुरून दुर्बिणीने दाखवता येईल का, आणि त्यासाठी वनखात्याची परवानगी कशी घ्यावी? दुसरे, केंद्र सरकारी नोकरीत पित्याला 15 दिवसांची आणि आईला पहिल्या दोन अपत्यांसाठी 180 दिवसांची रजा मिळते, हा फरक मुलांसमोर मांडावा की विषयांतर होईल? बेडूक, मासे किंवा कीटकांतील स्थानिक उदाहरणे कोणी स्वतः पाहिली असल्यास तीही कृपया कळवावीत.