रेडिओ दुर्बिणीला 'दुर्बीण' का म्हणायचं?

फारसीतला दूर + बीन, म्हणजे लांबचं बघणारी, इथवर ठीक. पण रेडिओवालीला कोणी डोळा लावतच नाही, मग सरळ अँटेना म्हणा की. आणि परावर्तक, अपवर्तक यातही माझा कायम घोळ होतो.

> डोळा लावतच नाही

मग हबल ही अवकाश दुर्बीणही बाद होईल, तिथे कोण डोळा लावतंय! दुर्बिणीचं मूळ काम प्रकाश गोळा करणं. पुढे भिंग असलं की अपवर्तक. भिंगातून जाताना निळा प्रकाश लालपेक्षा जास्त वाकतो, म्हणून साध्या भिंगाच्या दुर्बिणीतून चंद्राच्या कडेला जांभळट झालर दिसते. शिवाय भिंग फक्त कडेनेच धरता येतं, फार मोठं केलं तर स्वतःच्याच वजनाने वाकतं. यर्कीस वेधशाळेची साधारण १ मीटर भिंगाची दुर्बीण १८९७ ची, संशोधनासाठी त्याहून मोठी अपवर्तक पुढे झालीच नाही. परावर्तकात भिंगाऐवजी अंतर्वक्र आरसा, न्यूटनने १६६८ मध्ये केली तशी, त्यात सगळे रंग सारखेच परततात, आरशाला मागून आधार देता येतो आणि तुकडे जोडूनही मोठा करता येतो, जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीचा ६.५ मीटरचा आरसा १८ षटकोनी तुकड्यांचा आहे.

आणि रेडिओ लहरी हाही एक प्रकारचा प्रकाशच, मग रेडिओची डिश म्हणजे आरसाच की! लहरी लांब, म्हणून जाळीची असली तरी चालते, भोकं तरंगलांबीपेक्षा बरीच लहान हवीत एवढंच. त्याच लांबीमुळे बारकावे दिसायला प्रचंड व्यास लागतो, नाहीतर लांबलांबच्या डिश जोडाव्या लागतात.

क्ष-किरणांचं काय मग? ते आरशातून परततात?

समोरून आदळले तर नाही, आरशातच शोषले जातात. अगदी घासून गेले तरच परततात, म्हणून चंद्रा दुर्बिणीत (१९९९) आरसे थाळीसारखे नाहीत, एकात एक बसवलेल्या नळकांड्यांसारखे आहेत. आणि हे किरण वातावरणातच अडतात त्यामुळे ती अवकाशातच ठेवावी लागते.

मला एवढंच सांगा, "५०० पट" मोठं दिसेल असं लिहिलेली दुर्बीण घेऊ का?

पटींवर जाऊ नका हो. १२०० मिमी नाभीय अंतराच्या (भिंग किंवा आरशापासून प्रकाश एकत्र येतो तिथपर्यंतचं अंतर) दुर्बिणीला १० मिमी नाभीय अंतराची नेत्रिका, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग, लावली की १२० पट, ५ ची लावली की २४० पट, आकडा हवा तेवढा वाढतो, चित्र मात्र अंधुक आणि धुरकट होत जातं. भिंगाचा किंवा आरशाचा व्यास विचारा.

बरं, दुर्बीण मान्य. पण बायनॉक्युलरलाही आपण दुर्बीणच म्हणतो ना?

द्विनेत्री म्हणा. दोन छोट्या अपवर्तक शेजारी शेजारी, आणि प्रतिमा उलटी पडते ती सुलट करायला मध्ये लोलक (प्रिझम).