सोडून गेलेल्यांची शुगर कोण मोजणार?

तापीकाठचा:
काल इथं एका भावानं टाकलं, आमच्या शुगरच्या ॲपला 4.6 स्टार, तीन महिने वापरणाऱ्यांची शुगर उतरली, म्हणजे ॲप सिद्ध झालं. अरे भो, तीन महिने टिकले ते कोण? आधीच पथ्यानं राहणारे, पहाटे मेहरूण तलावाला चकरा मारणारे. आठव्या दिवशी ज्यांनी ॲप काढून टाकलं त्यांचं काय? ऑनलाइन आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या आयसेनबाख नावाच्या संशोधकानं 2005 लाच सांगून ठेवलंय की अशा ऑनलाइन उपायांत गळती होणारच, ती लपवू नका, मोजा. आणि स्टारचं म्हणाल तर फोन छातीला लावून बीपी सांगणारं ॲप 2014-15 ला धडाक्यात विकलं गेलं, 2016 ला तपासलं तर बीपी वाढलेल्या पाचातल्या जवळपास चौघांना ते 'ठीक आहे' सांगत होतं.

चोपडेकर:
ते शुगरचं ॲप माझंच. मग काय आरसीटी करू, ती कोण कुठल्या गटात हे नशिबावर सोडून करायची मोठी चाचणी? दोन वर्षं जातात, तोवर व्हर्जन इतकी बदलतात की तपासलेलं ॲप कोणाच्या फोनात उरतच नाही. ॲपचा दर्जा मोजणाऱ्या मार्स स्केलचे 23 प्रश्न आहेत ना, त्यात चांगले मार्क आहेत आम्हाला. घरी बसून नावं ठेवणं सोपं असतं.

तापीकाठचा:
मार्स ॲपला मार्क देतं, पेशंटच्या शुगरला नाही. रावेरात घडाचा फोटो बघून कोणी केळीचं वजन लावतं का? निम्म्यांना ॲप आज द्या, निम्म्यांना तीन महिन्यांनी, चिठ्ठ्या टाकून. मधे व्हर्जन बदलून बटणाचा रंग बदलला तर बदलू दे.

सातपुडा_वारा:
चिठ्ठ्या म्हणे! आमच्या धडगावकडं या. आठवड्याची माहिती वहीत, रेंज मिळाली की एकदम भरायची, ॲपात सगळ्यावर एकच तारीख. काढा त्यावरून 'रोजचा वापर'.

यावलची_लेक:
आईला असंच एक ॲप टाकून दिलं होतं. यादीत पिझ्झा होता, कळण्याची भाकरी नव्हती. ती रोज 'पोळी' दाबायची. काय मोजलं सांगा यात?

सातपुडा_वारा:
ताई, कळणं बाजरीचंच ना?

यावलची_लेक:
ज्वारी नि उडीद. बाजरीचं कोण करतं??

सातपुडा_वारा:
शिरपूरला येऊन बघा कोण करतं. यावल म्हणजे अख्खा खान्देश नाही.

निवृत्त_मास्तर:
दोघंही गप्प बसा. मीठ दळतानाच टाकायचं असतं हे तरी माहीत आहे का? हल्लीच्या पोरांना चक्कीवर जायला नको, म्हणून पाकिटं आणतात.

चोपडेकर:
विषय काय, चाललंय काय! धाग्याचं भरीत केलं पार.

निवृत्त_मास्तर:
भरताला टमाटा घालणाऱ्यांनी बोलू नये.

चोपडेकर:
मी घालत नाही!! आणि तापीकाठचे सर, तुम्ही ॲप बनवलंय का कधी एक तरी?

तापीकाठचा:
नाही. वडलांची शुगर मात्र वीस वर्षं वहीत लिहिली. ज्या महिन्यांत वाढायची, नेमकी त्याच महिन्यांत वही कोरी.

चोपडेकर:
…बरं. महाराजांची आज्ञा, सोडून गेलेल्यांना फोन लावतो, होऊ द्या आमची शोभा. सुरुवात यावलच्या काकूंपासून करू का?

यावलची_लेक:
आई म्हणते, आधी यादीत भाकरी टाक म्हणा, मग बोलू. ज्वारीची.